पानिपतच्या मोहिमेंतील रसद व बातमी : साधनांचें परीक्षण

पानिपतच्या तिसऱ्या युद्धासंबंधीं मराठींत जेवढें लिहिलें गेलें आहे तेवढें दुसऱ्या एखाद्या प्रसंगासंबंधीं क्वचितच लिहिलें गेलें असेल. परंतु या लिखाणाचा मोठा भाग ता. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाभोंवतीं फिरतो. त्या दिवशीं कोण कोठें उभा होता, मल्हारराव केव्हां निघाले, विश्वासराव कोणत्या प्रहरीं पडले, यांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. ज्या सैन्यानें त्या सकाळीं मैदान धरिलें तें अन्नावांचून गांजलेलें होतें, हें सर्वांस मान्य आहे. मात्र तें उपाशी कां होतें, याचें उत्तर बहुधा एका वाक्यांत आटोपतें : गोविंदपंत बुंदेले यांनीं रसद पोंचविली नाहीं व शत्रूची रसद तोडिली नाहीं. या एका वाक्यानें एका कर्त्या माणसाच्या नांवास लागलेला डाग शतकाहून अधिक काळ टिकून राहिला आहे. तेव्हां ज्या साधनांवर हें वाक्य उभें आहे तीं साधनें रसद व बातमी या दोन बाबतींत कितपत भार सोसतात, हें पाहण्याचें या लेखांत योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा निश्चय करणें अवश्य आहे. कारण रसद हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें कौटिल्याचें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केल्यापासून या विषयाची प्राचीन परिभाषा आपणांस उपलब्ध झाली आहे. कौटिल्य तीन गोष्टी निरनिराळ्या मानितो. आपल्या मुलखांतून पाठीमागून चालत येणारें धान्यादि साहित्य तो वीवध. मित्राकडून येणारी कुमक तो आसार. आणि गवत, सरपण वगैरे आणण्यासाठीं छावणीबाहेर पसरलेलीं माणसें तो प्रसार. या तिसऱ्यास आमच्या जुन्या कागदांत कही असा नेमका शब्द आहे. सैन्यावरील संकटांचा तारतम्यविचार करितांना कौटिल्य आणखी एक भेद करितो. ज्या सैन्याचें केवळ धान्य तुटलें तें अन्य ठिकाणाहून धान्य आणून, प्रसंगीं मिळेल त्या स्थावरजंगम आहारावर राहून, लढूं शकतें. परंतु ज्याचीं माणसें व पाठचा पुरवठा हीं दोन्ही तुटलीं आणि ज्यास कुमकेची आशा उरली नाहीं, तें लढूं शकत नाहीं. पेशव्यांच्या कारकुनांपुढें हा ग्रंथ नव्हता. म्हणून त्यांनीं तो पाळिला कीं मोडिला, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. आम्हीं तो केवळ माप म्हणून घेतों. कारण पानिपतावरील दोन अवस्था या मापानें जितक्या स्वच्छ वेगळ्या होतात तितक्या रसद या एका शब्दानें होत नाहींत.

आतां साधनांकडे वळूं. तीं तीन प्रकारचीं आहेत : मराठी बखरी, काशिराज पंडिताची फारसी हकीकत, आणि मोहीम चालूं असतां लिहिलेलीं पत्रें.

बखरींत कृष्णाजी शामराव याची म्हणून मानिली जाणारी भाऊसाहेबांची बखर व रघुनाथ यादवाची पाणिपतची बखर या दोन प्रमुख होत. पहिलीची भाषा इतकी जिवंत आहे कीं ती वाचतांना छावणींतील कोलाहल कानीं पडतो. छबिना, बिनी, चंदावल, कही, बुणगे हे शब्द लेखकाच्या तोंडीं सहज येतात. तो फौजेच्या सहवासांत वावरलेला असावा, यांत संशय वाटत नाहीं. शब्द व रीतिरिवाज यांसाठीं ही बखर अमोल आहे. परंतु कारणमीमांसेसाठीं तिच्याकडे गेल्यास पदरीं निराळेंच पडतें. बखरकाराच्या जगांत जें घडतें तें माणसांच्या रागलोभांतून घडतें. मल्हाररावांनीं नजीबखानास पाठीशीं घातलें, सरदारांत चुरस लागली, वडिलकीचा मान राहिला नाहीं, म्हणून नाश झाला. असा त्याचा सूत्रपात आहे. त्यांत मजलांचीं अंतरें नाहींत. नदीचा उतार कोठें आहे, तेथें चौकी कोणाची होती, धान्याची गोणी कोणत्या वाटेनें आली, यांचा पत्ता लागत नाहीं. उपासमार तेथें दैवासारखी येते. दैव सांगून समाधान होत नसेल तर मग एखादा दोषी माणूस शोधावा लागतो, आणि बखरीच्या वाचकानें तो नेहमींच शोधिला आहे.

काशिराजाची गोष्ट निराळी आहे. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरीं होता व युद्धाच्या वेळीं अब्दालीच्या बाजूच्या गोटांत हजर होता. सुमारें वीस वर्षांनंतर त्यानें आपली हकीकत फारसींत लिहिली. जेम्स ब्राऊन यानें तिचें इंग्रजी भाषांतर केलें व १९२६ सालीं रॉलिन्सन यांनीं तें पुन्हां संपादून काढिलें. अब्दालीची व्यवस्था त्यानें डोळ्यांनीं पाहिली होती. शहा स्वतः रोज घोड्यावर बसून आपल्या चौक्या पाही, रात्रीं निवडक स्वारांची टोळी मराठ्यांच्या छावणीजवळ फिरती राही, आणि दुसऱ्या टोळ्या वाटा रोखीत, हें तो सांगतो तेव्हां त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. परंतु मराठ्यांच्या खंदकाआंत काय चाललें होतें, हें त्यास ऐकूनच माहीत. एके रात्रीं सरपण आणण्यास बाहेर पडलेले मराठ्यांकडील वीस हजार बुणगे शहापसंदखानाच्या टोळीनें कापिले, असें तो लिहितो. प्रसंग खरा मानण्यास अडचण नाहीं; कही मारली जाणें हें त्या दिवसांत नित्याचेंच होतें. आंकडा मात्र जसाच्या तसा घेतां येत नाहीं. रात्रीच्या काळोखांत प्रेतें कोणी मोजिलीं? एकाच लेखकाचें एक विधान साक्षीचें व दुसरें कर्णोपकर्णीचें असूं शकतें. दोहोंस एकच किंमत देणें हें परीक्षकाचें काम नव्हे.

तिसरें साधन पत्रांचें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पानिपतच्या अभ्यासाचा पायाच बदलला. पुढें सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवेदप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले व त्यांत या मोहिमेची आणखी पत्रें आलीं. बखर मागाहून बोलते; पत्र त्या क्षणीं बोलतें. परंतु म्हणूनच पत्र वाचण्याची शिस्त अधिक कडक हवी. पत्राच्या शेवटीं छ घालून दिलेला चंद्र हा लिहिल्याचा दिवस. तें ज्याच्या हातीं गेलें त्याच्या दप्तरांत पौ असा शेरा मारून जो चंद्र घालीत तो पोंचल्याचा. जासूद वाटेंत अडकला, नदीस पूर आला, शत्रूची चौकी चुकवावी लागली, म्हणजे या दोन तिथींमधील अंतर वाढतें. एका आज्ञेचें उत्तर येण्यापूर्वीं दुसरी आज्ञा सुटलेली असते. हें अंतर न पाहतां पत्रें एकापुढें एक मांडिलीं म्हणजे आज्ञा करणारा सदैव तत्पर व आज्ञा घेणारा सदैव कुचराई करणारा असा भास होतो. गोविंदपंतांच्या बाबतींत नेमकें हेंच झालें आहे, असें आमचें मत आहे.

राजवाडे यांनीं आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत पराभवाच्या दोषाचा मोठा वांटा गोविंदपंत व मल्हारराव यांच्या माथीं मारिला. त्यांच्या अधिकाराविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे; हीं पत्रें त्यांनीं हातीं दिलीं नसतीं तर आज त्यांच्या मताची फेरतपासणी करणेंही शक्य झालें नसतें. परंतु साधन नवें व निकाल जुना, असा प्रकार येथें झालेला दिसतो. बखरींतील रागलोभाची दृष्टि कायम ठेवून त्यांनीं पत्रांकडे आरोपपत्राच्या पुराव्याप्रमाणें पाहिलें. त्याच पत्रांतून गोविंदपंतांस केव्हां काय सांगितलें गेलें हें क्रमानें लाविलें तर चित्र पालटतें.

ता. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं उदगीर येथें निजामावर जय मिळवून भाऊसाहेब मार्चमध्यें परतुडाहून उत्तरेस निघाले. वाटेंत असतांना व पुढें गंभीर नदीच्या पुरानें जून-जुलैमध्यें खोळंबले असतांना गोविंदपंतांस त्यांच्या आज्ञा जात होत्या. त्या आज्ञा मुख्यतः चार प्रकारच्या आहेत. शुजाउद्दौला अब्दालीस मिळूं न देणें; यमुना उतरण्यासाठीं इटाव्याच्या बाजूस नावा जमविणें; मामलतींचा वसूल करून खजिना पाठविणें; आणि अंतर्वेदींत शत्रूच्या मुलखास उपद्रव देणें. यांपैकीं प्रत्येक आज्ञा योग्य होती. पण चारही एका माणसास, एकाच वेळीं, त्याच तुटपुंज्या शिबंदीनिशीं करावयाच्या होत्या. वसूल करावयाचा तर माणसें गांवोगांव वांटून टाकावीं लागतात. नावा राखावयाच्या तर तीं काठावर बसवावीं लागतात. शुजास अडवावयाचें तर तीं सर्व एकत्र करून पुढें सरकावें लागतें. शिवाय अब्दाली अंतर्वेदींत ठाण मांडून बसल्याबरोबर जमीनदारांनीं डोकीं वर काढिलीं व वसूल थांबला. गोविंदपंत हे मुळांत मामलतदार. रत्नागिरीकडील नेवऱ्याच्या खेर घराण्यांतून येऊन बुंदेलखंडाची व्यवस्था त्यांनीं लाविली होती. वय झालेलें, हाताशीं पुरेसे स्वार नाहींत, अशा माणसाकडून सेनापतीचें काम घ्यावयाचें आणि तें झालें नाहीं म्हणून फितुरीचा संशय धरावयाचा, हा न्याय नव्हे. जुलैमध्यें शुजा अब्दालीस जाऊन मिळाला. त्याला वळविण्यासाठीं खुद्द नजीबखान गेला होता. त्याच्या बाजूस अब्दालीची प्रत्यक्ष फौज जवळ होती, आणि भाऊसाहेब अजून नद्यांच्या पलीकडे होते.

रसदेइतकाच, किंबहुना तिच्याही आधीं, बातमीचा विचार करावयास हवा. या बाबतींत एका वर्षांतले तीन प्रसंग शेजारीं ठेवून पाहावे. ता. १० जानेवारी १७६० रोजीं बुराडीच्या घाटावर रोहिले व अफगाण यमुनेच्या पात्रांतील उंच गवताच्या आडून अलीकडे आले आणि दत्ताजी शिंदे पडले. मार्चच्या आरंभीं मल्हारराव अब्दालीकडे जाणारा खजिना मारण्यासाठीं अंतर्वेदींत सिकंदराबादेकडे गेले असतां शत्रूनें त्यांसच अचानक गांठिलें. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यांत खुद्द अब्दाली सर्व सैन्यानिशीं बागपताजवळ यमुना उतरला. पहिल्या दोन प्रसंगीं सेनापति निराळे, जागा निराळ्या. भाऊसाहेब तर दोन्ही वेळां दक्षिणेंत होते. समान गोष्ट एकच : यमुनेच्या पलीकडे काय चाललें आहे, हें मराठ्यांस वेळेवर कळत नव्हतें. दक्षिणेंत जेथें गांवचा पाटील, वाटेचा वाणी, तांड्याचा नाईक हे सर्व आपले असत, तेथें बातमी आपोआप येई. अंतर्वेदींत ती विकत घ्यावी लागे, आणि विकणारा दोन्हीकडे विकीत असे. जासुदांची वेगळी, नेमलेली, नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली व्यवस्था असल्याविना अशा मुलखांत फौज आंधळी होते. तशी व्यवस्था होती असें पत्रांवरून दिसत नाहीं. जो तो सरदार आपापले हरकारे ठेवी आणि आपल्यापुरती बातमी काढी.

बागपताचा प्रसंग रसदेशीं प्रत्यक्ष जोडलेला आहे. ऑगस्टच्या आरंभीं दिल्ली हातीं आली, पण दिल्लींत धान्यही नव्हतें व पैसाही नव्हता. दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत उतरवून नाणीं पाडण्याची पाळी आली. तेव्हां दिल्लीच्या उत्तरेस कर्नाळाजवळील कुंजपुऱ्याच्या किल्ल्यांत शत्रूनें साठविलेल्या धान्यावर नजर जाणें अगदीं स्वाभाविक होतें. ऑक्टोबरच्या मध्यास कुंजपुरा पडला, अब्दुस्समदखान मारला गेला, आणि पुष्कळ धान्य हातीं आलें. केवळ धान्याच्या हिशेबानें पाहिलें तर मोहिमेंतील हा सर्वांत किफायतीचा दिवस होय. परंतु धान्य मिळविण्यासाठीं सारी फौज उत्तरेस गेली, आणि दिल्ली व कुंजपुरा यांच्या मधला यमुनेचा कांठ अब्दालीस रोखण्याजोग्या फौजेवांचून राहिला. पूर ओसरत होता, तरी अब्दालीस पाणी सोपें गेलें नाहीं. त्याचीं माणसें वाहून गेलीं, उतरण्यास वेळ लागला. त्या अवधींत उतारावर एखादी खंबीर टोळी असती, किंवा पहिल्याच दिवशीं बातमी पोंचती, तर गोष्ट निराळी होण्यास जागा होती. तसें झालें नाहीं. धान्य मिळालें, वाट गेली. दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, माळवा या मार्गानें दक्षिणेशीं जोडणारी दोरी त्या दिवशीं तुटली. आणि ती तुटली तेव्हां गोविंदपंत तेथें नव्हते, त्यांचा तेथें संबंधही नव्हता.

नोव्हेंबरपासून दोन्ही सैन्यें पानिपताजवळ समोरासमोर होतीं. या काळाचे दोन भाग पाडावे. आरंभीं मराठे कौटिल्याच्या अर्थानें छिन्नधान्य होते, याहून अधिक नाहीं. पाठची वाट गेली तरी पतियाळ्याचा आलासिंग जाट धान्य पाठवीत होता, कही बाहेर जाऊन गवत-सरपण आणीत होती, ता. २२ नोव्हेंबरास जनकोजी शिंद्यांनीं शत्रूवर जोराचा हल्ला केला. सैन्यांत धमक होती. ता. ७ डिसेंबरास बळवंतराव मेहेंदळे पडले, तेव्हांही लढाईचा निकाल त्यांच्या मृत्यूपर्यंत मराठ्यांस प्रतिकूल नव्हता. दुसरा भाग डिसेंबरच्या उत्तरार्धापासूनचा. गोविंदपंत आज्ञेप्रमाणें अंतर्वेदींत वर सरकून शत्रूच्या पाठीवर गेले होते. अब्दालीचें धान्य रोहिल्यांच्या मुलखांतून यमुना ओलांडून येई. तोच त्याचा वीवध. त्यावर हात पडतांच अब्दालीनें अताईखानास ताज्या स्वारांनिशीं रवाना केलें, आणि त्या अकस्मात छाप्यांत गोविंदपंत मारले गेले. त्यांचें शिर भाऊसाहेबांकडे पाठविण्यांत आलें. आळसानें बसलेल्या माणसाचा बंदोबस्त करण्यासाठीं निवडक फौज खर्ची घालीत नाहींत. शत्रूनें त्यांच्या कामाची जी किंमत केली ती मागाहून लिहिणाऱ्या आमच्या लेखकांनीं केली नाहीं, एवढेंच येथें म्हणावयाचें. त्यांच्याकडे चौकीपहाऱ्याची हेळसांड झाली, हें मात्र खरें. शत्रू अंगावर येईपर्यंत कळलें नाहीं. पण तो दोष बुराडीस होता, सिकंदराबादेस होता, बागपतास होता. तो एका माणसाचा नव्हे, साऱ्या व्यवस्थेचा होता.

यानंतर जानेवारीच्या आरंभीं दिल्लीहून नारो शंकर यांनीं पाठविलेला थोडासा खजिना स्वारांच्या कमरेला बांधून येत होता. रात्रीं वाट चुकून त्यांतले कित्येक स्वार शत्रूच्या गोटांत शिरले आणि मराठी बोलण्यावरून ओळखले जाऊन मारले गेले. एक मुक्काम उरला असतां आपली छावणी कोणती व शत्रूची कोणती हें सांगणारा वाटाड्या त्यांच्यापाशीं नसावा, याहून बातमीच्या दुरवस्थेचा पुरावा तो कोणता? आलासिंगाचा मार्ग तोंवर बंद झाला होता. आतां सैन्य छिन्नपुरुषवीवध झालें होतें : पाठचा पुरवठा नाहीं, माणसांचें जाणेंयेणें नाहीं, कुमकेची आशा नाहीं. दक्षिणेंतून खुद्द पेशवे निघाले होते, पण ते फार दूर होते. अशा स्थितींत बाहेर पडून लढण्याचा निश्चय झाला. भाऊसाहेबांस लढाईची घाई झाली असें जे म्हणतात त्यांनीं हा भेद लक्षांत घ्यावा. नोव्हेंबरांत थांबणें शक्य होतें. जानेवारींत थांबणें म्हणजे खंदकांत मरणें होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, मराठी फौज पूर्वींही पाठच्या रसदेवांचूनच लढत आली. मग याच वेळीं ती कां अडली? याचें उत्तर फौजेच्या बांधणींत आहे. हलका स्वार स्वतःच स्वतःची कही असतो. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या, पायदळ होतें, बायकामुलें होतीं, यात्रेकरू होते. एवढा पसारा खंदकांत बसला म्हणजे त्यास शहरासारखें रोज धान्य लागतें, आणि शहरास जशी वेस व वाट राखावी लागते तशी त्याचीही राखावी लागते. जुन्या पद्धतीचें खाणें आणि नव्या पद्धतीचें लढणें यांची सांगड पडली नाहीं. हें पाहण्यासाठीं भूमि व अंतरें डोळ्यांपुढें हवींत. शेजवलकर यांनीं १९४६ सालीं इंग्रजींत व १९६१ सालीं मराठींत पानिपतावर ग्रंथ लिहितांना भूगोलास जें महत्त्व दिलें तें यासाठींच आदरणीय आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आमच्यापैकीं पुष्कळजण मोठ्या नांवाचें, मोर्तबाचें पत्र मिळालें म्हणजे तें दप्तरांतून वेगळें काढून जपतात, आणि त्याच रुमालांतील जासुदांच्या मुशाहिऱ्याच्या यादी, बंजाऱ्यांच्या बैलांचे हिशेब, हुंडीचे कागद, नावाड्यांस दिलेल्या पैशांच्या चिठ्या यांकडे ढुंकूनही पाहत नाहींत. रसद व बातमी यांचा इतिहास मोर्तबाच्या पत्रांत फारसा नाहीं. तो या क्षुद्र दिसणाऱ्या कागदांत आहे. रुमाल सोडवूं नये. कागदाच्या पाठीवरील पौचा शेरा नकलून घेतल्याखेरीज नक्कल पुरी झाली असें समजूं नये. गोविंदपंत दोषी कीं निर्दोषी, हें एका पत्राच्या एका ओळीवरून ठरविण्यांत आलें. त्यांच्या मामलतीचे हिशेब, त्यांच्या शिबंदीची हजिरी, त्यांच्या जासुदांच्या खेपा जेथें जेथें सांपडतील तेथें तेथें त्या जुळवून पाहणें हें आपलें काम आहे. जो माणूस आज्ञेबरहुकूम गेला आणि त्याच कामांत पडला, त्याच्यावरचा आरोप तोंपर्यंत सिद्ध मानूं नये, असें आमचें सांगणें आहे.